कंट्रोल-सी सतरा वेळा दाबल्यावर स्क्रिप्ट नीट कशी आवरायची? (खर्च शून्य)

देवगडचा_पेटीवाला: आंब्याची बिलं नि फोटो रात्री बाहेरच्या डिस्कवर टाकायला बॅश (लिनक्सचं कमांड चालवणारं शेल) स्क्रिप्ट आहे, फोल्डरांचा लूप, आत आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड). वारा सुटला की लाइट जाते, इन्व्हर्टर बोंबलतो नि धाकटा भाऊ कंट्रोल-सी (चालू काम थांबवायची कळ) बडवत सुटतो. एकदा दाबलं तर पुढचा फोल्डर सुरू होतो. जास्त दाबलं तर शेवटची आवराआवर (लॉग जीझिपने दाबून लहान करून, स्क्रिप्ट चालू असल्याची खूण म्हणून ठेवलेली लॉक फाइल काढणं) अर्ध्यात मरते, मग दुसऱ्या रात्री "आधीच चालू आहे" म्हणून स्क्रिप्ट अडून बसते. काही विकत घेणार नाही.

गावचो_झील: माझा पण असाच झाल्लेला. मोठो युपीएस घेतलंय, आता बिंधास. तू पण घे मरे, आंब्यात कमावतंस ना?

दापोलीकर: पायथनमध्ये लिही, बॅशचा काय भरवसा. आणि भावाला कंट्रोल-झेड शिकव.

टर्मिनल_ताई: झेडने स्क्रिप्ट थांबत नाही हो, झोपते फक्त, आणि मग डिस्क निघत नाही "वापरात आहे" म्हणते, माझं झालंय. पेटीवाले, आरसिंक कंट्रोल-सी स्वतः पकडून कोड २० देऊन नीट बाहेर पडतं, म्हणून बॅशला वाटतं त्याचं त्याने निस्तरलं, आणि लूप पुढे जातो. आयएनटीवर (कंट्रोल-सीने जाणारा सिग्नल) स्वतःचा ट्रॅप (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लाव, तो तरीही चालतो. त्या फंक्शनची पहिलीच ओळ: ट्रॅप, रिकामे सिंगल कोट, आयएनटी, म्हणजे यापुढे आयएनटीकडे दुर्लक्ष. मग भाऊ कितीही बडवू दे, जीझिपलाही ते दुर्लक्ष वारशाने मिळतं. शेवटी एक्झिट १३० (कंट्रोल-सीने थांबलं असं सांगणारा कोड).

दापोलीकर: किल वजा ९ (प्रोसेस जबरदस्तीने मारणारा सिग्नल) मारा, विषय संपला.

टर्मिनल_ताई: ९ ट्रॅप होतच नाही, लॉक तसंच राहणार!!

वेंगुर्ल्याचा_वारा: १३० चुकीचं. ट्रॅप काढून स्वतःलाच आयएनटी पाठवायचा, तर बाहेरच्या स्क्रिप्टला कळतं. दोन वर्षं हेच सांगतोय सगळ्यांना. आणि लॉक फाइल कशाला, एफलॉक (सिस्टिमकडूनच लॉक घेणारी कमांड) वापर, प्रोसेस मेली की लॉक आपोआप सुटतं, अगदी ९ ने मेली तरी.

गावचो_झील: मी तर पयलाच सांगितलंय, युपीएस.

देवगडचा_पेटीवाला: ताईंची ओळ टाकली, काल भावाने अकरा वेळा दाबलं, जीझिप पूर्ण झालं. लॉक मात्र काढूनच टाकलंय, चालवणारे आम्ही दोघंच.

वेंगुर्ल्याचा_वारा: मग विचारलंस कशाला?