शब्दचर्चा : मेंदूतली 'नस' फुटते म्हणजे नेमकं काय फुटतं?

अर्थशोधक : एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय. उच्च रक्तदाबामुळे मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांवरचं प्रकरण आहे आणि मी 'व्हॅस्क्युलर ॲबनॉर्मॅलिटी'पाशी अडकलेय. 'रक्तवाहिन्यांची विकृती' लिहिलं, तर त्या बिचाऱ्यांनी काही दुष्कृत्य केल्यासारखं वाटतं. 'अपसामान्यता' जिभेवर बसत नाही. 'दोष' चालेल का? आणि रक्तवाहिनीला सरळ 'नस' म्हणू? लोक तेच म्हणतात.

तिरकस : 'नस' नको. 'नस दबली' म्हणतो तेव्हा दबलेला असतो मज्जातंतू. 'शीर'ही नको, ती हृदयाकडे रक्त परत नेणारी नीला. रक्तदाबाने फुटते ती रोहिणी, म्हणजेच धमनी. धमनी 'ध्मा' (फुंकणे) या धातूपासून. गंमत म्हणजे ग्रीकांचा 'आर्टरी'चा मूळ शब्दही श्वासनळीसाठीच होता. मृतदेहात या नळ्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा खेळते असा त्यांचा समज.
जाता जाता, 'रक्तस्राव' बरोबर लिहिलंत. 'स्त्राव' वाचून वाचून डोळे शिणलेत.

सूक्ष्मदर्शी : 'दोष' म्हटलं की वाचक जन्मजात समजणार. इथे तसं नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या रोहिण्यांना एक मिलिमीटरहून बारीक फांद्या फुटतात आणि त्या थेट खोल शिरतात. मधे टप्पे नसल्याने मोठ्या रोहिणीतला दाब त्यांच्यावर जवळजवळ तसाच आदळतो. वर्षानुवर्षं हे चाललं की भिंतीतल्या स्नायुपेशी मरतात, त्यांच्या जागी काचेसारखा एकजिनसी पदार्थ साचतो. भिंत जाड होते, पण कमकुवत. म्हणूनच असा रक्तस्राव बहुतेकदा ठरावीक ठिकाणी होतो : मेंदूच्या गाभ्यातली केंद्रकं, थॅलॅमस, पॉन्स, लहान मेंदू. मी तरी याला 'झीज' म्हणेन.
१८६८ मध्ये शार्को आणि बुशार या फ्रेंच डॉक्टरांनी या फांद्यांवर इवले फुगवटे पाहिले. त्यांना 'मिलिअरी' म्हणतात, म्हणजे बाजरी-राळ्यासारख्या बारीक दाण्याएवढे. पुढे अधिक चांगल्या तंत्राने पाहिल्यावर त्यांतले बरेचसे नुसती वेटोळी निघाली. तेव्हा 'विस्फार' (रोहिणीचा फुगवटा, ॲन्युरिझम) हा शब्द जपून वापरा.

अर्थशोधक : 'झीज' आवडला. पण पुढचं वाक्य असं आहे : 'अँजिओग्राफीत ॲबनॉर्मॅलिटी आढळल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा.' झीज आढळल्यास?

सूक्ष्मदर्शी : नाही, नाही! इथे अर्थच वेगळा. ही झीज अँजिओग्राफीत सहसा दिसत नाही. तिथे शोधतात ते मोठ्या रोहिणीचा फुगा, नाहीतर रोहिणी-नीलांचं गुंतवळ, ज्यात मधल्या केशवाहिन्याच नसतात आणि रोहिणीतलं रक्त थेट नीलेत घुसतं. रक्तदाबाच्या रुग्णालाही हे असू शकतं. वय कमी असेल किंवा रक्त मेंदूच्या पृष्ठभागाजवळ साचलं असेल, तर नुसत्या रक्तदाबावर खापर फोडून भागत नाही, शोधावंच लागतं. त्या वाक्यात 'रचनेतला बिघाड' लिहा.

तिरकस : केशवाहिन्या नाहीत आणि म्हणे गुंतवळ! पण शब्द झकास. 'विकृतरचना'पेक्षा शंभर पटीने बरा.

अर्थशोधक : ठरलं. आधी 'झिजलेल्या रोहिण्या', शस्त्रक्रियेच्या वाक्यात 'रचनेतला बिघाड', आणि 'गुंतवळ' कंसात खुलासा देऊन. एकाच मूळ शब्दाला दोन प्रतिशब्द का, असं संपादक विचारतीलच, तेव्हा त्यांना ही चर्चाच वाचायला देते.