वयाबद्दल शंका असताना मद्यविक्री नाकारावी कशी?

नवा विक्रेता: मी एका किरकोळ दुकानात गल्ल्यावर असतो. परवा एका तरुणाने मद्याची बाटली मागितली, पण त्याच्याजवळ ओळखपत्र नव्हते, म्हणून मी विक्री नाकारली. तो मुकाट्याने बाहेर गेला आणि थोड्याच वेळात एक प्रौढ गृहस्थ येऊन नेमकी तीच बाटली मागू लागले. त्यांच्या वयाबद्दल प्रश्नच नव्हता, त्यामुळे मी ती दिली, मात्र तेव्हापासून मन खात आहे. अशा वेळी नकार देता येतो का? आणि ओळखपत्र मागताच चिडणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगावे?

जुना दुकानदार: देता येतो. अल्पवयीनासाठी प्रौढाने मद्य विकत घेणे हाही अनेक देशांत गुन्हा आहे, आणि बाटली कोणाकडे जाणार याचा अंदाज असूनही ती देणारा विक्रेता त्यात अडकू शकतो. ‘ही खरेदी दुसऱ्या कोणासाठी असावी अशी मला शंका आहे, म्हणून मी देऊ शकत नाही’ एवढे शांतपणे सांगावे, वाद वाढवू नये, आणि शेजारच्या गल्ल्यावरील सहकाऱ्याला लगेच कल्पना द्यावी, नाहीतर तेच गृहस्थ दुसऱ्या रांगेत उभे राहतात.

चिडण्याबद्दल म्हणाल, तर ब्रिटनमधील पद्धत मला पटते. तिथे मद्यखरेदीचे किमान वय १८ असले, तरी अनेक दुकानांत २५ वर्षांखालील वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागितले जाते; स्कॉटलंडमध्ये तर असे धोरण ठेवणे २०११ पासून परवानाधारकांना बंधनकारक आहे. सतरा आणि एकोणीस यांतला फरक चेहऱ्यावरून ओळखणे कोणालाच जमत नाही, पण सतरा वर्षांचा मुलगा पंचविशीपलीकडचा वाटण्याची चूक त्या मानाने क्वचित होते. शिवाय ‘तुम्ही पंचविशीच्या आतले दिसता’ हे ऐकून तिशीतली माणसे सहसा चिडत नाहीत, उलट सुखावतात!

रात्रपाळीवाला: ओळखपत्र नुसते पाहून भागत नाही. घाईत आपण जन्मवर्षाची वजाबाकी करतो आणि महिना व दिवस विसरतो, म्हणून कोणत्या तारखेपर्यंत जन्मलेल्यांना विक्री करता येते, ती तारीख रोज गल्ल्याजवळ लिहून ठेवावी. थोरल्या भावाचे खरे ओळखपत्र घेऊन येणारेही असतात. केस आणि दाढी बदलते, त्यामुळे छायाचित्रातील कान, नाक आणि डोळ्यांमधले अंतर पाहावे.

परवानाधारक: वरील सर्व ठीक आहे, परंतु सगळा भार गल्ल्यावरच्या माणसावर टाकणे मला मान्य नाही. नोकराने नकार दिल्यावर मालकानेच गिऱ्हाइकाची समजूत काढण्यासाठी बाटली दिली, तर तो नोकर पुन्हा कोणाला ओळखपत्र मागणार नाही. आमच्याकडे नकारांची नोंदवही आहे. तिच्यात तारीख, वेळ, वस्तू, कारण आणि विक्रेत्याची सही एवढेच असते. महिनोन्‌महिने कोरी राहिलेली नोंदवही तपासणी अधिकाऱ्याला बरेच काही सांगून जाते, हेही ध्यानात ठेवा.

नवा विक्रेता: आभारी आहे. मालकांशी बोलून नोंदवही आजच सुरू केली. त्या तरुणाला दिलेला नकार पहिल्या ओळीत लिहिला आहे. त्याखाली त्या गृहस्थांबद्दल काय लिहावे, हे मात्र अजून ठरत नाही.