मदत हवी आहे: टीएलपी (टेन्शन लेग प्लॅटफॉर्म) १,६०० मीटर खोलीच्या पुढे का जात नाही?

नमस्कार मंडळी,

मी पाइपिंग डिझाइनमध्ये. आजवरचं सगळं काम मुंबई हायच्या जॅकेट (तळावर उभ्या पोलादी सांगाड्याच्या) प्लॅटफॉर्मवरचं. तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास, पायांतून पाइल ठोकले की विषय संपला. आता डीपवॉटरच्या टीममध्ये टाकलंय आणि तरंगत्या प्लॅटफॉर्मचे प्रकार वाचताना गाडी अडली आहे.

टीएलपी पोलादी टेंडननी (उभ्या, ताणलेल्या नळ्यांनी) तळाशी बांधलेला. उत्प्लावक बल वजनापेक्षा जास्त, म्हणून टेंडन कायम ताणात आणि प्लॅटफॉर्म लाटेबरोबर वर-खाली जवळपास होतच नाही. त्यामुळे विहिरीचा ख्रिसमस ट्री (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच) थेट डेकवर. व्हॉल्व्ह हाताशी, दुरुस्तीला वेगळं जहाज नको, मला तर हे फारच आवडलं. सेमी (अर्धा बुडालेला तरंगता प्लॅटफॉर्म) आणि एफपीएसओला (तेल काढून साठवणारं जहाज) ट्री समुद्रतळावर.

पण मेक्सिकोच्या आखातात १९९६ चा मार्स ८९६ मीटरवर, २०१८ चा बिग फूट सुमारे १,५८० मीटरवर, आणि पुढे टीएलपी दिसतच नाही. पर्डिडो स्पार (उभ्या लांब दंडगोलावर तरंगणारा प्लॅटफॉर्म) मात्र २,४५० मीटरवर! टेंडन लांब केले की झालं ना? की फक्त खर्चाचं कारण?

आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एफपीएसओच का?

प्रतिसाद:
खर्च आहेच, पण मूळ दुखणं वेगळं. टेंडन लांबला की ताठपणा कमी होतो. टीएलपीच्या वर-खाली हालचालीचा नैसर्गिक काळ (एका झोक्याला लागणारा वेळ) साधारण २ ते ४ सेकंद. तो वाढून लाटांच्या काळाजवळ सरकला की टेंडनला फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातू कमकुवत होणं. भिंत जाड करा, तर वजन वाढलं. ते पेलायला हल (तरंगणारा सांगाडा) मोठा, मग लाटांचा मारही जास्त. स्पार उलट टोकाला: दीडशे मीटरच्या आसपास पाण्यात बुडालेला, काळ २५-३० सेकंद, लाटांच्या पलीकडे. मूअरिंगला (तळाशी बांधून ठेवायला) पॉलिएस्टर दोर वापरले की खोलीचं ओझंही फार होत नाही.

केजीचं (कृष्णा-गोदावरीचं) उत्तर साठवणीत आहे. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या पाइपलाइनचं जाळं आहे, काकीनाड्यासमोर तसं नाही. तिथल्या ओएनजीसीच्या ९८/२ ब्लॉकमध्ये जानेवारी २०२४ पासून तेल एफपीएसओच्या टाक्यांत जमतं, टँकर येऊन उचलतो. जहाजही भाड्याचं. आणि हो, एफपीएसओ म्हणजे खोल पाणीच असं समजू नका, मुंबईच्या पश्चिमेला डी-१ तेलक्षेत्रावर उथळ पाण्यातही आहे.

मूळ लेखक:
धन्यवाद सर! म्हणजे पाणी २,००० मीटर आणि ट्री डेकवरच हवा, तर आधी स्पारच तपासायचा ना?

प्रतिसाद:
हो. फक्त रायझरचं (तळापासून डेकपर्यंतच्या उभ्या पाइपचं) वजन आधी काढा, तिथेच बरेच पर्याय गळतात.