मदत हवी आहे: बाबांचा जुना पेंटियम थ्री कॉम्प्युटर वाचवायचाय

नमस्कार मंडळी. शाहूपुरीत बाबांची प्रेस होती, तिथला पेंटियम थ्री माळ्यावरून काढलाय. पत्रिकांच्या सगळ्या फायली त्यातच आहेत आणि ते सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला डाँगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही.

दोनदा चालू झाला, तिसऱ्यांदा मध्येच बंद पडला. उघडून बघितलं तर प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) वरून फुगलेत, एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट थर आहे. आता परत बटण दाबायचा धीर होत नाही. एका दुकानदारानं "भंगारात घाला" म्हटलं, जिवाला लागलं.

कोल्हापुरात मदरबोर्डवर नीट सोल्डरिंग करणारं कुणी आहे का? हार्डडिस्क आधी बाहेर काढून तिची पूर्ण कॉपी करावी म्हणतोय, आयडीई-यूएसबी अडॅप्टर (जुन्या पद्धतीची हार्डडिस्क यूएसबीला जोडणारा) कुणाकडं मिळेल? विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या वर रॅम झेपत नाही, म्हणून विंडोज २००० टाकावं का? डाँगलचा ड्रायव्हर मात्र ९८ चाच आहे.