पाण्यातलं फ्लोराईड बंद झालंय, लेकीच्या दातांसाठी काय करू?

आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. युटा राज्याने मे २०२५ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराईड (दात किडू नयेत म्हणून घालतात तो क्षार) मिसळायला बंदी घातली आहे. लेक चार वर्षांची. तिच्या मागच्या दाढेवर हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतोय. डेंटिस्टने फ्लोराईडच्या गोळ्या सुचवल्यात. सासूबाई यवतमाळकडच्या, बोअरच्या पाण्याने पिवळे-तपकिरी पडलेले दात त्यांनी गावात पाहिलेत, त्यामुळे त्या घाबरल्यात. पण तिकडे काही गावांत लिटरला दीड मिलिग्रॅमच्याही वर फ्लोराईड असतं, इथली शिफारस ०.७ची होती. हा फरक मला मोठा वाटतो. कुणी मुलांना गोळ्या दिल्यात का? की वाटाण्याएवढी पेस्ट आणि अधूनमधून फ्लोराईड वार्निश (डेंटिस्ट दातांवर लावतात तो लेप) पुरे? ती पेस्ट गिळते, त्याचीच जास्त काळजी वाटते. दंतवैद्यांनी कृपया सांगावं.