थंडी पडली की तुमच्याकडे काय शिजतं? (अनुभव धागा)

ओलीपात
काल संध्याकाळी जिन्यातून वर येताना कुणाच्या तरी दारातून लसणाच्या फोडणीत हुलग्याचं पीठ शिजल्याचा वास आला. जागीच थांबले. आमची आजी जुन्नरकडची. डिसेंबर लागला की तिचे शेंगोळे ठरलेले. हुलग्याचं पीठ, त्यात मूठभर ज्वारीचं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, हळद. घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून पाटावर वळायचं, कडबोळ्यासारखं. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक सोडायचा आणि पहिली काही मिनिटं डाव अजिबात घालायचा नाही, मोडतात. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून रश्शात. आम्ही पोरं वळायला बसायचो आणि आमचे वेडेवाकडे शेंगोळे ती मुद्दाम आजोबांच्या ताटात वाढायची.
आजोबा काही बोलायचे नाहीत. खायचे.
तुमच्याकडे काय असतं? पाककृती नीट नसली तरी चालेल, आठवणी लिहा.

कुडकुड
शेंगोळे!!! वर कच्चं तेल राहिलं की ओलीपात.

तापीकाठ
भरीत. विषय संपला.

तापीकाठ
बरं, लिहितो, बस मिळालीय. वांगी ती मोठी, फिकट हिरवी. बामणोदकडची मिळाली तर सोनंच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, उगाच नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर तो वास येत नाही. मिरच्यापण त्याच जाळावर. मग लाकडी बडगीत ठेचायचं सगळं. तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, आणि कुणी दही म्हटलं तर मी हा धागा सोडून जाईन. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली. शेतात भरीत पार्टी म्हणजे घरातल्या बायकांना सुट्टी, आमच्याकडे भरीत पुरुष करतात.

मावशीबोलते
दही घालून पण छान लागतं हो.

तापीकाठ
🚶‍♂️

अर्धाचमचा
सुट्टी कसली दादा. वांगी धुवायची कुणी, पात चिरायची कुणी, कळण्याच्या भाकरी थापायच्या कुणी? पुरुष ठेचतात तेवढे आणि फोटो काढतात. (माझं माहेर भुसावळ, बोलू शकते.)

तापीकाठ
ताई, पात मी चिरतो. भाकरीचं मान्य.

उत्तरध्रुव
इकडे उणे अठरा आहे. पुण्यात बारा झालं की तुम्ही कानटोप्या काढता, हसू येतं. पण खरं सांगतो, इकडच्या थंडीत ते सूप-बिप पिऊन पोट भरतं, ऊब येत नाही. बायकोने गेल्या आठवड्यात कुळथाची पिठी केली, कोकम घालून, गुरगुट्या भातावर. आम्ही दोघं काही न बोलता भांडं चाटून पुसून रिकामं केलं. पिठाची पिशवी आता संपत आलीय आणि आई फेब्रुवारीत येणार. पुरवून वापरतोय.

कुडकुड
आमच्या निफाडात ये आणि मग बोल बारा-अठराचं. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जावं लागतं.

उत्तरध्रुव
सॉरी भाऊ 😄 बाग वाचली का?

कुडकुड
आत्तापर्यंत ठीक. जेवणाचं म्हणाल तर आम्हाला रात्री माडगं. हुलगे भाजून दळलेले, गूळ, सुंठ. बागेतून आलो की आई ग्लास हातात देते, विचारत पण नाही. लहानपणी नको वाटायचं, बैलाचं खाणं म्हणून चिडवायचे शाळेत. आता शहरात त्याच हुलग्याला सुपरफूड म्हणतात.

वऱ्हाडीठेचा
काहून बे, विदर्भाचं कोणीच नाही का इथं? गोळाभात! हरभरा डाळीचा भरडा, तिखट-मीठ-ओवा, तेलाचं मोहन, गोळे करून अर्धवट शिजलेल्या भातात खुपसून ठेवायचे, झाकण. ताटात गोळा फोडायचा अन् वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल. कमी तेल घालणाऱ्यानं सरळ वरणभात खावा. अन् तुरीच्या शेंगा आल्या की सोल्याची आमटी. टीव्हीसमोर बसून सोले सोलायचे, अर्धे पोटात जातात.

मावशीबोलते
आमच्याकडे गीझर बंद पडलाय तीन दिवस. कुणाला माहीत आहे का, कॉइल बदलावी की नवीनच घ्यावा?

अर्धाचमचा
मावशी 😂 किती जुना आहे?

मावशीबोलते
नातू झाला तेव्हाचा. तो आता नववीत.

अर्धाचमचा
नवीन घ्या.

खाडीपलीकडे
अलिबागकडून हजेरी. पोपटी लिहायला कुणी आलंच नाही? मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा (रानात उगवणारी वासाची वनस्पती) पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, मधे केळीच्या पानात मसाला लावलेलं चिकन. तोंड पाल्यानेच गच्च बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाला आणि शेंगांच्या ओलाव्यावर शिजतं. मडकं पालथं घालून भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. झालं का बघायला वर पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की काढा. भांबुर्डी नसेल तर करूच नका, त्या पाल्याच्या वासासाठीच तर सगळं.
बाबा गेल्यापासून मडकं आम्ही भावंडं लावतो. जाळ कधी थांबवायचा यावर दर वर्षी भांडण होतं, ते असते तर एका शब्दात मिटलं असतं.

ओलीपात
खाडीपलीकडे, वाचून घशात आलं काहीतरी. भांडत रहा पण करत रहा.

नवीशिकाऊ
मला फक्त एक विचारायचं आहे. बाजरीची भाकरी थापताना कडेने चिरते आणि कडवट पण लागते. भोगीला सासूबाई येणार आहेत. तीळ लावून करायची आहे. मदत 🙏

अर्धाचमचा
कडवट म्हणजे पीठ जुनं. बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त, दळून ठेवलं की लवकर खवट होतं. थंडीतसुद्धा आठवड्यापुरतंच दळून आण, उरलं तर फ्रीजमध्ये. चिरते कारण विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली. कडकडीत पाण्याने भिजव आणि तळहाताच्या टाचेने रगडून मळ, कंटाळा येईपर्यंत. एका वेळी एकाच भाकरीचं.

वऱ्हाडीठेचा
तीळ लावले की बोटानं हलकं दाबजो, नाहीतर तव्यावर सांडतात सगळे.

मावशीबोलते
आणि सासूबाईंना शेंगाभाजीत गुंतवून ठेव. मटार, वालपापडी, हरभरे सोलायला दे. त्यांचं लक्ष तुझ्या तव्याकडे जाणार नाही.

नवीशिकाऊ
मावशी 😂😂 तुमच्या सुनेला हा धागा दाखवू का?

मावशीबोलते
ती इथेच आहे कुठेतरी, वेगळ्या नावाने. ओळखते मी.

अर्धाचमचा
🤐