अंगाला घाम असतानाही ऊन लागतं का?

प्रश्न (सिंदेवाही तालुका)
बाबा 64 वर्षांचे आहेत. पहाटे 4 ला तेंदूपत्त्याला निघतात. काल पत्ता आणला, ओसरीत बसून 70-70 पानांचे पुडे बांधले अन् 3 वाजताच गठ्ठा डोक्यावर घेऊन फळीवर (पुडे जमा करतात त्या जागी) गेले. परत आले तर पोटऱ्यांत गोळे, डोकं गरगरत होतं, दोनदा उलटी. बनियान पिळावं इतका घाम. शेजारचे म्हणतात, घाम सुटला म्हणजे ऊन लागलं नाही. रात्री बरे वाटले. आज पुन्हा जातो म्हणतात. बीपीची गोळी सुरू आहे. जाऊ द्यावं का?

आशाताई
दादा, आज नका जाऊ देऊ. काल झालं ते उन्हानंच, पहिल्या पायरीवर थांबलं इतकंच. घामावरून ठरवायचं नाही, बोलण्यावरून ठरवायचं. माणूस बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या की अंगातली उष्णता 40 अंशांच्या वर गेली समजा, मग अंग कोरडं असो की ओलं.

मागच्या हंगामात आमच्या गावचे एक काका मोहाखाली बसून मेलेल्या बैलाला हाका मारत होते. सदरा घामानं चिंब. चारजण गाडी शोधायला पळाले. मी म्हटलं, गाडी येईल तेव्हा येईल, आधी पाणी आणा. हापशीच्या बादल्या डोक्यापासून ओतल्या, दोन बायांनी सुपानं वारा घातला, काखेत अन् जांघेत ओली फडकी ठेवली. 108 आली तेव्हा काका आपलं नाव सांगत होते. कुणी तापाची गोळी काढली होती, मी देऊ दिली नाही. हा ताप गोळीनं उतरत नाही. अन् शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. काकांच्या खिशात कांदा होता, त्यावर विसंबू नका.

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. मनानं बंद करू नका, उपकेंद्रात चिठ्ठी दाखवा.

वर्धेकर
बाबा टिनाखाली झोपतात का? रात्री अंग निवलं नाही तर दुसऱ्या दिवशी थोडं ऊनही भारी पडतं. टिनावर तुराट्या, पळसाच्या फांद्या टाका. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवा. आम्ही ग्लासात कालवायचो, ते चूक.

प्रश्नकर्ता
बाबा थांबले. दिवसाचे पुडे बुडाले म्हणून रुसून बसलेत. उद्यापासून मी अन् आई जातो, 9 च्या आत घरी. गठ्ठा 5 नंतर सायकलनं नेईन. ताई, चिठ्ठी सापडत नाही, गोळ्यांचं रिकामं पाकीट चालेल का?

आशाताई
चालेल. तेच न्या, अन् बाबांनाही सोबत न्या. सकाळीच.